टेलर: शिंप्याच्या आडनावापासून मुलीच्या नावापर्यंत

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मुलाचे लग्न ठरले आहे. होणारी सून अमेरिकन आहे, तिचा जन्म १९९५ सालचा आणि नाव टेलर. पत्रिका छापायची वेळ आली तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी तीन शंका काढल्या. शिंपी असा अर्थ असलेला शब्द कोणी मुलीचे नाव म्हणून कसा ठेवतो? हे मुळात पुरुषाचे नाव नव्हे का? आणि ते टेलर स्विफ्ट या जगप्रसिद्ध गायिकेवरून तर ठेवलेले नाही ना? इंग्रजी व्यक्तिनावांचा इतिहास आणि इंग्लंडमधल्या चर्चच्या जुन्या नोंदवह्या हा माझ्या अनेक वर्षांच्या कामाचा विषय आहे, त्या आधाराने हे उत्तर लिहीत आहे.

तिन्ही शंकांच्या मुळाशी एकच समजूत आहे, ती म्हणजे व्यवसायावरून थेट व्यक्तीचे नाव पडले. तसे घडलेले नाही. आधी व्यवसायाचे आडनाव झाले, मग काही पिढ्यांत त्या आडनावाचा व्यवसायाशी असलेला संबंध सुटला, आणि त्यानंतर कितीतरी काळाने ते आडनाव पहिले नाव म्हणून मुलांना मिळू लागले. ज्यांनी ते ठेवले त्यांच्या डोळ्यांपुढे सुई-दोरा नव्हता. एखादे घराणे होते, आणि बहुतेक वेळा ते आईच्या माहेरचे होते.

१०६६ साली उत्तर फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन सरदारांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबार, न्यायालय आणि श्रीमंतांचे घर या ठिकाणी फ्रेंच भाषा आली, आणि तिच्याबरोबर अनेक कारागिरांची फ्रेंच नावेही आली. कपडे शिवणाऱ्यासाठी जुन्या इंग्रजीत ‘सीमेरे’ असा शब्द होता, शिवण या अर्थाच्या शब्दावरून झालेला. तो मागे पडला आणि ‘कापणारा’ अशा अर्थाचा फ्रेंच शब्द रुळला. यात त्या काळच्या धंद्याचे वास्तवही दिसते. लोकरीचे चांगले कापड फार महाग असे. टाके कोणीही शिकाऊ मुलगा घालू शके, पण पहिली कात्री चालवण्याची जबाबदारी उस्तादाची असे, कारण कापड एकदा चुकीचे कापले की नुकसान भरून येत नसे. चौदाव्या शतकात अंगाबरोबर बसणारे, बटणे लावलेले, बाह्या वेगळ्या कापून जोडलेले कपडे वापरात आले आणि शिंप्याचे महत्त्व आणखी वाढले. गावोगाव शिंपी होता, म्हणून गावोगाव टेलर हे उपनाम पडले. आजही इंग्लंड-वेल्समधल्या सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांत टेलर पहिल्या पाच-सहांत असते, त्याचे कारण हेच.

या उपनामांचे स्वरूप मराठी वाचकाला सहज कळेल. आपल्याकडे त्याच शतकांत गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी, नामा शिंपी अशी नावे लोकांच्या तोंडी होती. व्यक्तीचे नाव आधी आणि तिची ओळख पटवणारा व्यवसाय नंतर, अशीच रचना ‘जॉन ले टेलर’ या तेराव्या-चौदाव्या शतकातल्या इंग्रजी नावात आहे. साम्य मात्र इथेच संपते आणि पुढचा फरक महत्त्वाचा आहे. इंग्लंडमध्ये शिंप्याच्या मुलाने शिंपीच झाले पाहिजे असे बंधन नव्हते; कारागीर-संघात प्रवेश मिळत असे तो मुख्यतः उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी करून. त्यामुळे १४०० च्या सुमारास आडनावे वंशपरंपरेने चालू लागली तेव्हा फार लवकर टेलर आडनावाचे सुतार, बेकर आडनावाचे लोहार आणि स्मिथ (म्हणजे लोहार) आडनावाचे विणकर दिसू लागले.

हे बदलाचे दिवस कागदावर पकडता येतात. १३७९ साली राजाने डोईपट्टी, म्हणजे माणशी कर, बसवली. सामान्य माणसाला ४ पेन्स, कारागिराला थोडे अधिक, अशी ती आकारणी होती. यॉर्कशरच्या याद्या प्रसिद्ध झालेल्या आहेत आणि नामाभ्यासकाने त्या एकदा तरी ओळीओळीने वाचाव्यात, असे मी विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगतो. प्रत्येक ओळीत लॅटिनमध्ये नाव, बायको असल्यास तिचा उल्लेख, कारागीर असल्यास त्याचा धंदा आणि शेवटी रोमन अंकांत रक्कम असते. शिंपी असेल तर कारकून ‘सिस्सोर’ असा लॅटिन शब्द लिहितो आणि पुढे बहुधा ६ पेन्स मांडतो. काही ओळींत माणसाचे उपनाम आणि धंदा जुळतात, काहींत जुळत नाहीत, आणि ज्या ओळींत ते जुळत नाहीत तिथे आपल्या डोळ्यांसमोर उपनामाचे आडनाव होत असते. दोन वर्षांनी, १३८१ मध्ये, पुन्हा बसवलेल्या डोईपट्टीविरुद्ध जे बंड झाले त्याचा पुढारी वॉट टायलर होता. टायलर म्हणजे कौले बसवणारा. हे आडनाव पुढे पुन्हा येणार आहे.

लेखनातला एक बारीक फरकही या दुराव्याला उपयोगी पडला. इंग्रजीत शिंप्याचा धंदा लिहिताना मध्ये ‘आय’ अक्षर येते, आडनावात मात्र ‘वाय’ टिकून राहिले. उच्चार एकच, पण कागदावर दोन वेगळे शब्द. लंडनच्या शिंप्यांच्या संघाला तिसऱ्या एडवर्डने १३२७ मध्ये सनद दिली, १५०३ मध्ये सातव्या हेन्रीच्या सनदेने त्याचे नाव ‘मर्चंट टेलर्स’ झाले, आणि १५६१ मध्ये त्याने शाळा काढली. या संघाच्या नावात ते जुने ‘वाय’ आजही आहे. मराठीत दोन्ही शब्द ‘टेलर’ असेच लिहिले जातात आणि आपल्या प्रत्येक बाजारात त्या शब्दाची पाटी असते, म्हणून आपल्या कानाला या नावात दुकान ऐकू येते. इंग्रजी वाचकाच्या डोळ्याला ते तितकेसे दिसत नाही.

आता दुसरी पायरी, म्हणजे आडनावाचे पहिले नाव होणे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये पुरुषांची नावे फार थोडी होती. जॉन, विल्यम, थॉमस, रिचर्ड आणि रॉबर्ट या पाच नावांतच चौदाव्या शतकातले बहुसंख्य पुरुष बसत. बाप्तिस्म्याच्या वेळी संताचे किंवा राजघराण्यातले रुळलेले नाव देण्याची रीत होती आणि धर्मपिता (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची धार्मिक जबाबदारी घेणारा) आपलेच नाव मुलाला देत असे. सोळाव्या शतकात इंग्लंडने रोमशी संबंध तोडले, संतपूजेचा प्रभाव ओसरला आणि नाव ठेवण्यात मोकळीक आली. याच सुमारास सरदार घराण्यांत एक नवी चाल दिसते. नॉर्थंबरलंडचा ड्यूक जॉन डडली याची पत्नी माहेरची जेन गिल्डफर्ड. त्यांच्या एका मुलाचे नाव गिल्डफर्ड डडली. नऊ दिवसांची राणी लेडी जेन ग्रे हिचा पती म्हणून इतिहासात ओळखला जाणारा आणि १५५४ मध्ये शिरच्छेद झालेला तो हाच. इतिहाससंशोधक विल्यम कॅम्डेन यांनी १६०५ साली लिहून ठेवले आहे की आडनावे बाप्तिस्म्याची नावे म्हणून देण्याची ही पद्धत अलीकडे आपल्याकडे पडली आहे आणि ती ख्रिस्ती जगात अन्यत्र कुठेही नाही. नावांच्या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा समकालीन पुरावा हाच आहे, कारण बदल घडत असताना तो बदल आहे हे ओळखणारी माणसे विरळ असतात.

व्यवसायाच्या नावाने हीच वाट कशी धरली, हे स्पेन्सर या नावावरून अगदी जवळून पाहता येते. स्पेन्सर म्हणजे मोठ्या घरातला कोठावळा, धान्य-सामानाचे वाटप सांभाळणारा. सर जॉन स्पेन्सर हे १५९४ साली लंडनचे लॉर्ड मेयर झालेले गडगंज व्यापारी. त्यांची एकुलती मुलगी एलिझाबेथ हिने बापाच्या इच्छेविरुद्ध विल्यम कॉम्प्टन या तरुण सरदाराशी लग्न केले. तिला पावाच्या टोपलीत बसवून घराबाहेर काढले, अशी आख्यायिका आहे. १६०१ मध्ये त्यांना मुलगा झाला आणि त्याचे नाव स्पेन्सर कॉम्प्टन ठेवले गेले. आईचे माहेरचे आडनाव आणि बापाचे आडनाव एका माणसात एकत्र आले, आणि त्याबरोबर आजोबांच्या प्रचंड संपत्तीचा वारसाही जगाला सांगितला गेला. पुढे त्याच घराण्यातला दुसरा स्पेन्सर कॉम्प्टन १७४२ मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान झाला. त्या घराण्यातली कॅथरीन कॉम्प्टन पर्सिव्हल घराण्यात दिली गेली आणि तिने आपल्या मुलाचे नाव स्पेन्सर पर्सिव्हल ठेवले. १८१२ मध्ये संसदेच्या इमारतीत ज्यांची गोळी झाडून हत्या झाली ते पंतप्रधान हेच. ज्या दोन पंतप्रधानांचे पहिले नाव ‘कोठावळा’ होते, त्यांच्या घरात कोणालाही कोठीची आठवण नव्हती. त्यांच्या लेखी ते एलिझाबेथच्या माहेरचे नाव होते.

ही चाल इंग्रजीभाषकांतच का वाढली, याला कायद्याचेही कारण आहे. फ्रान्समध्ये १८०३ च्या कायद्याने मुलांची नावे कॅलेंडरांतल्या नावांपुरती आणि प्राचीन इतिहासातल्या व्यक्तींच्या नावांपुरती मर्यादित केली, आणि पूर्ण मोकळीक १९९३ मध्ये आली. म्हणून ज्या भाषेतून हा शब्द आला, त्या भाषेत तो कोणाचे पहिले नाव होऊ शकला नाही. जर्मनीत नावावरून मुलगा की मुलगी हे कळलेच पाहिजे, असा निबंधकांचा आग्रह असे. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने २००८ मध्ये हा आग्रह कायद्याला धरून नाही असे ठरवले, आणि ज्या मुलीच्या नावावरून हा खटला झाला तिचे नाव होते किरण, जे आपल्याकडे मुलगा-मुलगी दोघांनाही ठेवतात. इंग्लंड आणि अमेरिका येथे अशी आडकाठी जवळजवळ नव्हतीच.

अमेरिकेत ही रीत सरदारांपुरती राहिली नाही. विशेषतः दक्षिणेकडील राज्यांत पहिल्या किंवा दुसऱ्या मुलाला आईचे माहेरचे आडनाव देणे मध्यमवर्गातही रूढ झाले. दुसरा ओघ होता राष्ट्रपुरुषांचा. मेक्सिकोच्या युद्धात गाजलेले सेनापती झॅकरी टेलर १८४८ मध्ये निवडून येऊन अमेरिकेचे बारावे अध्यक्ष झाले आणि १८५० मध्ये पदावर असतानाच वारले. दहावे अध्यक्ष होते जॉन टायलर. वॉशिंग्टन, जेफरसन, जॅक्सन यांच्याप्रमाणे ही आडनावेही पहिली नावे म्हणून ठेवण्याजोगी ठरली. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी, म्हणजे निवृत्तिवेतनाची सरकारी योजना चालवणाऱ्या, खात्याच्या नामयाद्या १८८० पासूनच्या जन्मांच्या आहेत, आणि मुलांच्या यादीत टेलर तेव्हापासून आहे. ही यादी वापरताना एक काळजी घ्यावी लागते: ती योजनाच १९३५ च्या कायद्याने सुरू झाली, त्यामुळे त्याआधीच्या जन्मांपैकी ज्यांनी पुढे कार्ड काढले तेवढेच लोक त्यात मोजले गेले आहेत. तरीही कल स्पष्ट दिसतो. शंभर वर्षे टेलर हे पुरुषाचे, फारसे गाजावाजा नसलेले, बहुधा घराण्याची खूण म्हणून ठेवलेले नाव होते.

म्हणजे वडीलधाऱ्यांची दुसरी शंका इतिहासाच्या दृष्टीने रास्त आहे. १९०० साली मँचेस्टरजवळ जन्मलेल्या आणि अमेरिकेत नावारूपाला आलेल्या कादंबरीकार टेलर कॉल्डवेल यांचे पूर्ण नाव जॅनेट मिरियम हॉलंड टेलर कॉल्डवेल असे होते. त्यांची पहिली कादंबरी १९३८ मध्ये आली तेव्हा अनेक वाचकांनी लेखक पुरुष आहे असेच धरले. पण मुलांची आडनाव-नावे मुलींकडे जाणे हेही जुने आहे. शार्लट ब्राँटे यांच्या १८४९ च्या कादंबरीत एका जोडप्याला मुलगा हवा असतो, मुलगी होते, आणि मुलासाठी योजलेले शर्ली हे नाव ते मुलीला देतात. तिथून शर्ली हळूहळू मुलींचे झाले, आणि बालनटी शर्ली टेंपल हिच्या लोकप्रियतेच्या काळात तर अमेरिकेतल्या सर्वांत आवडत्या नावांत गेले. १९७० नंतर अशा नावांची लाटच आली. ॲशली, कोर्टनी, व्हिटनी, लिंडसे ही सारी मुळात आडनावे. १९९१ आणि १९९२ मध्ये अमेरिकेत मुलींचे पहिल्या क्रमांकाचे नाव ॲशली होते.

टेलर याच लाटेतले. मुलींच्या पहिल्या हजार नावांत ते १९७९ मध्ये आले, १९९३ मध्ये पहिल्या दहांत पोचले आणि २००० पर्यंत तिथेच होते. १९९४ ते १९९६ या तीन वर्षांत ते सहाव्या क्रमांकावर होते. त्या काळात दरवर्षी वीस हजारांच्या आसपास मुलींना हे नाव मिळत होते. तेव्हा १९९५ मध्ये जन्मलेल्या मुलीचे नाव टेलर असणे यात काहीही चमत्कारिक नाही. तिच्या पिढीत ते इतके परिचित आहे की शाळेत तिच्याच वर्गात दुसरी टेलर असण्याची शक्यता चांगलीच होती.

इतकी चढती का झाली, याची मला पटणारी कारणे तीन आहेत. पहिले, नोकरी-व्यवसायात पुढे जाणाऱ्या स्त्रियांची पहिली मोठी पिढी आई होत होती, आणि अर्जावर वाचल्यावर स्त्री की पुरुष हे लगेच कळणार नाही असे नाव त्यांना मुलीसाठी हितकारक वाटत होते. दुसरे, आवाज: दोन उच्चारखंडांचे (टे-लर), शेवटी ‘अर’ असलेले, मोकळ्या स्वराचे नाव त्या दशकात सगळीकडे आवडत होते, आणि मुलांमध्ये टायलर नेमके त्याच वर्षांत पहिल्या दहांत होते. तिसरे, हॉलिवूडच्या नटी एलिझाबेथ टेलर यांच्यामुळे या आडनावाला पडद्यावरचे सौंदर्य आधीच चिकटलेले होते. यातले पहिले कारण मी सर्वांत वजनदार मानतो.

आता गायिकेविषयी. टेलर स्विफ्ट यांचा जन्म १३ डिसेंबर १९८९ चा. आईवडिलांनी त्यांचे नाव गायक जेम्स टेलर यांच्यावरून ठेवले, आणि मुलीला पुढे उद्योग-व्यवसायात अडचण येऊ नये म्हणून स्त्री-पुरुष दोघांनाही चालेल असे नाव असावे असे त्यांच्या आईला वाटत होते, हे त्यांच्या मुलाखतींतून आणि चरित्रलेखांतून सर्वांना माहीत आहे. म्हणजे नामवंताचे आडनाव घेणे आणि स्त्री-पुरुष दोघांनाही चालेल असे नाव ठेवणे, या वर सांगितलेल्या दोन्ही प्रवाहांतून त्यांचे स्वतःचे नावही आलेले आहे. त्यांचा पहिला अल्बम २००६ मध्ये आला, तोपर्यंत हे नाव पहिल्या दहांतून बाहेर पडून काही वर्षे झाली होती. त्यांची कीर्ती जसजशी वाढत गेली तसतसे मुलींना हे नाव ठेवण्याचे प्रमाण घटतच गेले, आणि २०२० येईपर्यंत ते पहिल्या शंभरातूनही गेले. एखादे नाव एका व्यक्तीशी इतके घट्ट जोडले गेले की ते आपल्या मुलीला देताना पालक कचरतात. तिसऱ्या शंकेचे उत्तर त्यामुळे निःसंदिग्धपणे नाही असे आहे. १९९५ मध्ये ती गायिका स्वतःच लहान मुलगी होती.

इंग्लंड-वेल्समध्ये मात्र टेलर मुख्यतः मुलांचे नाव राहिले. तिकडच्या एखाद्या टेलरचे पत्र आले तर लिहिणारा पुरुष असण्याची शक्यता अधिक, हे तिकडे व्यवहार करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

अशा इतर नावांकडे पाहिले तर हाच नियम पुन्हा दिसतो. गवंडी या अर्थाचे मेसन २०११ मध्ये अमेरिकेतल्या मुलांत दुसऱ्या क्रमांकावर होते. वीणेसारखे हार्प हे वाद्य वाजवणाऱ्याचे हार्पर २०१५ मध्ये मुलींच्या पहिल्या दहांत आले, आणि त्यामागे हार्पर ली या लेखिकेविषयीचा आदर नक्की होता. त्यांचे हार्पर हे मधले नाव कुटुंबाच्या ओळखीच्या एका डॉक्टरांच्या आडनावावरून ठेवले होते. तिथेही वाद्याचा संबंध नाही. बॅक्स्टर, वेबस्टर आणि डेक्स्टर ही तर आणखी विलक्षण उदाहरणे. त्यांच्या शेवटी असलेला ‘स्टर’ हा प्रत्यय जुन्या इंग्रजीत स्त्रीवाचक होता: पाव भाजणारी, विणणारी, रंगारीण. आडनाव होताना ते लिंग विसरले गेले आणि आज बॅक्स्टर, डेक्स्टर ही मुलांची नावे म्हणून चालतात. याउलट स्मिथ, म्हणजे लोहार, हे सर्वांत जास्त आढळणारे आडनाव असूनही पहिले नाव म्हणून जवळजवळ दिसत नाही. माझ्या मते त्याचे कारण धंद्याच्या कमी-अधिक प्रतिष्ठेत नाही, कारण कातडी कमावणाऱ्याचे टॅनर हे नाव अमेरिकन पालकांनी आनंदाने ठेवले. स्मिथ इतके सर्वत्र आहे की त्यातून कोणा एका घराण्याची खूण पटत नाही, आणि आडनावाचे पहिले नाव करण्यामागे मूळ हेतू तर तोच होता.

पत्रिकेत नाव ‘टेलर’ असेच छापावे. अर्थ लागावा म्हणून त्याचे मराठी रूप शोधू नये. कुलकर्णी किंवा पोतदार आडनावाच्या माणसाला त्या पदाचे काम कोणी विचारत नाही, तसेच हे आहे. वडीलधाऱ्यांना उत्सुकता असेलच तर त्यांनी सुनेलाच विचारावे की तिच्या आजी-पणजीपैकी कोणाचे माहेरचे आडनाव टेलर होते का. अमेरिकेच्या दक्षिणेकडचे कुटुंब असेल तर उत्तर होकारार्थी येण्याचा चांगला संभव आहे, आणि तसे असेल तर कोणत्या पणजीचे, कोणत्या राज्यातले, हेही ती बहुधा सांगू शकेल. त्या राज्याच्या १९५० पर्यंतच्या जनगणनेच्या याद्या सर्वांना पाहता येतात. त्यांत पणजीचे घर, घरातली माणसे आणि प्रत्येकाचा धंदा असे सगळे ओळीओळीने लिहिलेले सापडते.